गोठा ते प्रक्रिया केंद्र : दुधाच्या सुरक्षिततेचे अर्थकारण

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात एका वर्षात सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. मृतांपैकी सुमारे ३० टक्के पाच वर्षांखालील बालके असतात. दूध हे या बालकांचे मुख्य अन्न. दुर्दैवाने जीवाणूंच्या वाढीसही ते तितकेच पोषक असते.

प्रक्रिया केंद्रात दूध ७२ अंश सेल्सिअस तापमानावर १५ सेकंद तापवून लगेच थंड केले जाते. या पाश्चरीकरणाने क्षय, ब्रुसेलोसिस इत्यादी रोगांचे जंतू नष्ट होतात. मग गोठ्यातील स्वच्छतेचा आग्रह कशासाठी? याचे उत्तर परीक्षार्थींनी नीट समजून घ्यावे. कासदाह झालेल्या जनावराच्या दुधात स्टॅफिलोकोकस हा जीवाणू आढळतो. दूध वेळेत थंड न झाल्यास तो विष तयार करतो. पुढे उष्णतेने जीवाणू मरतो, विष मात्र टिकून राहते. म्हणजेच गोठ्यात झालेली प्रत्येक चूक कारखान्यात दुरुस्त होत नाही. कास धुऊन कोरडी करणे, पहिल्या धारा वेगळ्या काढणे, स्टीलची स्वच्छ भांडी वापरणे आणि गावातच बल्क कूलरमध्ये दूध ४ अंशांपर्यंत थंड करणे हे उपाय म्हणूनच निर्णायक ठरतात. ब्रुसेलोसिसविरुद्ध ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांचे लसीकरण २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट आहे.

येथे कायद्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम १८(३) नुसार शेतकरी व पशुधन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. दोन-तीन जनावरे पाळणाऱ्या असंख्य कुटुंबांवर परवान्याची सक्ती करणे व्यवहार्यही नव्हते. परिणामी उरते ते किमतीचे साधन, आणि तेच आज बोथट आहे. संकलन केंद्रावर दर सामान्यतः स्निग्धांश व स्निग्धेतर घन पदार्थ यांवर ठरतो. जीवाणूंची संख्या त्यात क्वचितच मोजली जाते. शिवाय अनेकांचे दूध एकाच टाकीत मिसळल्याने एकाच्या निष्काळजीपणाची किंमत सर्वांना मोजावी लागते. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. मिथिलीन ब्लू चाचणी स्वस्त आहे : दुधातील निळा रंग जितका उशिरा जाईल तितके जीवाणू कमी. तिच्या निकालानुसार लिटरमागे अल्प अधिमूल्य दिल्यास कास धुण्याचे श्रम उत्पादकाला परवडू लागतील.