विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी?

प्रश्न : प्रारूप विकास आराखड्यात शेतजमिनीवर आरक्षण पडल्यास काय करता येते?

उत्तर : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार आराखड्याची सूचना राजपत्रात येते, हरकतीची मुदत त्या तारखेपासून धावते. नांदेड असो वा लातूर, हरकत महापालिकेकडे लेखीच द्यावी आणि आवक शिक्क्याची पोच घ्यावी. सोबत सातबारा, मोजणी नकाशा जोडावा. नुसते ‘अन्याय झाला’ म्हणून भागत नाही. आरक्षणासाठी पर्याय म्हणून जवळ पडीक सरकारी जमीन असेल तर तिचा गट क्रमांकच द्यावा. कलम 28 खालील नियोजन समितीच्या सुनावणीला गैरहजर राहणे फार महागात पडते. त्यानंतर आराखड्याला मंजुरी शासनाची. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित न झाल्यास कलम 127 ची नोटीस देता येते. पुढील 24 महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते.