चाळा : हाताचा खेळ आणि मनाचे अवधान

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

‘हाताला कसला चाळा लागलाय?’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कोणाचे शालेय शिक्षण पुरे झाले असेल असे वाटत नाही. ओढणीचे टोक पिळणे, बाकावर बोटांनी ताल धरणे या साऱ्या गोष्टी बेशिस्तीत जमा होतात. प्रथम वर्षाला असताना पेनाची टकटक केली म्हणून मलाही एकदा वर्गाबाहेर उभे राहावे लागले. चूक माझीच होती. शेजारच्या मैत्रिणींना त्रास होत होता. परंतु तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला : हात हलतो तेव्हा मन भटकतच असते काय?

या प्रश्नाचे मूळ माझ्या घरात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे तिचे हात थांबत नाहीत. मी शाळेत असताना ती सूप घेऊन बसे आणि मी मोठ्याने धडा वाची. तिला अक्षरओळख नाही. पण दुसऱ्या दिवशी पाठ म्हणताना माझे एखादे वाक्य गळले, तर मान वर न करता ती म्हणे, ‘मधलं राहिलं गं.’ अशा घरातून आलेल्या मला, रिकाम्या हातांनी तासभर ऐकत बसणे हीच कॉलेजातील सर्वांत अवघड गोष्ट वाटली.

हाताला विरंगुळा देणाऱ्या वस्तू जगभर आहेत. ग्रीसमध्ये ‘कोंबोलोई’ नावाची मण्यांची माळ बोटांत खेळवतात. तिचा जपाशी संबंध नसतो. चीनमध्ये दोन गोळे तळहातावर एकमेकांभोवती फिरवतात. २०१७ साली तीन पाकळ्यांच्या, मध्ये बेअरिंग असलेल्या ‘फिजेट स्पिनर’ची लाट आली. एकाग्रता वाढवणारे साधन म्हणून त्याची जाहिरात झाली आणि त्याच वर्षी अमेरिका व इंग्लंडमधील अनेक शाळांनी त्यावर बंदीही घातली. मग खरे काय?

येथे दोन प्रयोग उपयोगी पडतात. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी २००९ साली ४० व्यक्तींना टेलिफोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकताना कागदावरच्या आकृत्या पेन्सिलीने भरायला सांगितले होते. पुढे अचानक परीक्षा घेतली, तेव्हा आकृत्या भरणाऱ्यांना २९ टक्के अधिक आठवले. कंटाळलेले मन दिवास्वप्नांत शिरते. हाताचे हलके काम त्याला तेथून रोखत असावे, असे त्यांनी सुचविले.

दुसरा प्रयोग ज्युलिया सोआरेस आणि बेंजामिन स्टॉर्म यांचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला. त्यांत चित्रफितीवरील व्याख्यान पाहताना काहींच्या हाती स्पिनर दिला होता. त्यांचे लक्ष अधिक वेळा उडाले व स्मरणही कमी भरले. स्पिनरविषयी अनुकूल मत असणाऱ्यांचीही गत तीच झाली.

वरवर पाहता हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. मला मात्र त्यांत एक धागा दिसतो. स्पिनर फिरू लागला की तो किती वेळ फिरतो हे पाहण्याचा मोह होतो; तो हातापाठोपाठ डोळा आणि मनही मागतो. पेन्सिल भरताना किंवा विडी वळताना सरावलेला हात आपले काम आपणच करतो आणि कान मोकळे राहतात. म्हणजे चाळा चांगला की वाईट हे त्याने आपल्याकडून काय मागितले यावर ठरते.

यावरून मी स्वतःपुरते तीन नियम केले : चाळा निःशब्द असावा, त्याकडे पाहावे लागू नये आणि त्यात हारजीत नसावी. तेव्हापासून तासाला माझ्या डाव्या मुठीत एक सागरगोटा असतो. गुळगुळीत, थंड, मुठीत सहज मावणारा. अंगठ्याखाली तो फिरत राहिला की छातीतली धडधड कमी होते आणि उजवा हात वहीत लिहीत राहतो. एकीच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणते.

गुरुजनांना एवढीच विनंती, की हलणारा हात दिसला तर रागावण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याला नुकतेच सांगितलेले वाक्य विचारून पाहावे. उत्तर आले नाही, तर शिक्षा अवश्य करावी. पण कदाचित तो, माझ्या आईसारखा, मान वर न करता मधले राहिलेले वाक्यही सांगेल.