बोंडअळी, संगणक आणि मोजणी
जालना जिल्ह्यात कपाशी हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे.

जाणकारांचे ज्ञान 'असे आढळल्यास असे करावे' अशा नियमांत बांधून संगणकात साठविले की 'तज्ज्ञ प्रणाली' तयार होते. उदाहरणार्थ, कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री प्रत्येकी 8 पतंग सापडल्यास किंवा 100 पैकी 10 हिरवी बोंडे किडलेली आढळल्यास शिफारशीत कीटकनाशक फवारावे. अन्यथा केवळ निरीक्षण चालू ठेवावे. राज्यात 2009-10 मध्ये सुरू झालेला 'क्रॉपसॅप' प्रकल्पही शेतातील नोंदींवरच सल्ला देतो.

संगणक स्वतः शेत पाहत नाही. मोजणी चुकल्यास सल्ला चुकतो आणि भुर्दंड शेतकऱ्यास पडतो. म्हणून ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पतंग अंदाजाने न लिहिता मोजूनच लिहावेत.