वास सुटावा, आमिष सुटू नये

पैनगंगेच्या काठच्या एका गावातून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने बलाचा धडा चालू असताना मला एक प्रश्न विचारला. त्याचे वडील मासेमारी करतात. संध्याकाळी डोहाच्या काठावर वीस खुंट्या रोवायच्या, प्रत्येक खुंटीला एक दोरी, दोरीच्या टोकाला दगड, त्याच्या हातभर अलीकडे गळ आणि गळाला कोंबडीची कलेजी, असा त्यांचा क्रम. पहाटे जाऊन दोऱ्या ओढायच्या. तो म्हणाला, "सर, पाहाटं पाहाले गेलं का अर्धे गळ खालीच राहते. मासाबी नाही अन् कलेजीबी नाही. कोन नेते?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. कलेजीला पैसे पडतात, आणि रिकाम्या गळाने चूल पेटत नाही. शिवाय प्रश्न चांगला होता. मी त्याला एवढेच सांगितले, की आधी चोर कोण हे ठरव. गळाला कलेजी लाव, नेहमीसारखी दोरी फेक आणि पाण्यात पडल्याबरोबर परत ओढून घे. असे दहा वेळा कर आणि मोज. इतक्या थोड्या वेळात मासा काही येत नाही, खेकडाही येत नाही. तरीही गळ रिकामा आला, तर चोर पाण्यात नाही, आपल्या हातात आहे. दोन दिवसांनी तो सांगत आला, की बरेचसे गळ फेकण्यातच रिकामे होतात. म्हणजे त्याचे वडील रात्रभर रिकाम्या गळांची राखण करीत होते.

आता आपण हा प्रश्न पहिल्यापासून पाहू या.

ज्या माशांसाठी हे गळ लावतात ते शिंगाळा, शिवडा, मागूर, शिंगी या जातीचे. त्यांच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा असतात, म्हणून त्यांना मार्जारमीन म्हणतात. हे मासे बहुधा रात्री, तळाशी, गढूळ पाण्यात अन्न शोधतात. तेथे डोळ्यांचा उपयोग थोडाच. त्यांचे काम चालते वासावर आणि चवीवर. आपल्या रुचिकलिका जिभेवर असतात. या माशांच्या त्या ओठांवर, मिशांवर, इतकेच काय, सर्वांगावर पसरलेल्या असतात. सारा मासा म्हणजे एक पोहणारी जीभच! १९६७ साली अमेरिकेत बारडाख, टॉड आणि क्रिकमर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की वासाची शक्ती नाहीशी केलेला मार्जारमीनदेखील केवळ चवीच्या आधाराने दूरच्या खाद्यापर्यंत पोचतो. एका बाजूची रुचीची इंद्रिये निकामी केली, तर मात्र तो शाबूत बाजूकडे गोल गोल फिरत राहतो. दोन्ही बाजूंची चव ताडून तो दिशा ठरवतो, असा त्याचा अर्थ.

ही चव कशाची? मांसातून पाण्यात विरघळणाऱ्या ॲमिनो आम्लांची. अमेरिकेतील चॅनेल कॅटफिश या जातीला ॲलॅनिन नावाचे ॲमिनो आम्ल एका लिटरमध्ये एक अब्जांश मोल इतके विरळ असले तरी जाणवते. ॲलॅनिनचा एक मोल म्हणजे ८९ ग्रॅम. तेव्हा एक ग्रॅम ॲलॅनिन १०० मीटर लांब, ५५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तळ्यात सारखे मिसळले, तरी त्या माशाला त्याचा पत्ता लागेल. गणित करून पाहा, जमते.

पण "सारखे मिसळले" या शब्दांतच खरी अडचण आहे. वर्गात आपण पाण्यात शाईचा थेंब टाकतो, तो काही मिनिटांत पसरतो, आणि यालाच विसरण म्हणतात असे सांगतो. मीही पुष्कळ वर्षे असेच सांगत होतो. वस्तुतः त्या पेल्यात पाणी हलत असते आणि शाई प्रवाहाबरोबर पसरते. निव्वळ विसरण पाहायचे असेल, तर शिक्षकांनी परीक्षानळीत चायनाग्रासची पातळ जेली गोठवावी आणि तिच्यावर शाई ओतावी. दिवसभरात रंग किती खाली उतरला ते मोजा. जेमतेम बोटाच्या पेराइतका उतरलेला दिसेल.

ॲमिनो आम्लांचे पाण्यातील विसरण असेच मंद आहे. एक मिलिमीटर जाण्यास सुमारे ८ मिनिटे लागतात. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो, कारण वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एका सेंटिमीटरला सुमारे १४ तास, आणि एका मीटरला? सुमारे १६ वर्षे! माशाकडे इतका वेळ नाही. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, वास दूर नेण्याचे काम पाण्याच्या प्रवाहाचे आहे. दुसरी, आमिषाच्या जाड गोळ्याच्या पोटातला रस रात्रभरात बाहेर येतच नाही. काम करतो तो बाहेरचा एकदोन मिलिमीटरचा थर. तो धुऊन गेला की गोळा तसाच दिसतो, पण माशाच्या दृष्टीने मुका होतो.

तेव्हा आमिषाचे पृष्ठफळ वाढवले पाहिजे. तीन सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ५४ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एकेक सेंटिमीटरचे २७ तुकडे केले, तर ते १६२ होते. पण एवढे बारीक तुकडे गळावर राहणार कसे? वासासाठी आमिष बारीक आणि मोकळे हवे, टिकण्यासाठी मोठे आणि घट्ट हवे. सगळी कला या दोहोंचा मेळ घालण्यात आहे. जुने जाणते लोक मोठ्या तुकड्याला सुरीने चिरा देतात, किंवा गोळ्याऐवजी लांब पट्टी लावतात, ते यासाठीच. त्यांनी पृष्ठफळाचे गणित केले नव्हते, इतकेच.

आता फेकण्याकडे वळू. आमिषाचे वस्तुमान २० ग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ०.२ न्यूटन. एक मीटर दोरी धरून ते सेकंदाला १० मीटर वेगाने फिरवले, तर त्याला वर्तुळात ठेवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २ न्यूटन. आमिषाच्या वजनाच्या दहापट! कलेजी येथेच थोडी फाटते. पण खरा घात पुढे आहे. तीन सेंटिमीटर रुंदीचा गोळा त्याच वेगाने पाण्यात शिरतो, तेव्हा पाण्याचा विरोध ढोबळ हिशेबाने ३५ न्यूटनपर्यंत जातो. साडेतीन किलोचे वजन क्षणभर त्या मऊ कलेजीवर आदळल्यासारखे. दगड जड, तो पुढे जात राहतो आणि गळाला ओढतो; कलेजी पाण्याशी अडून मागे राहते; गळ तिच्यातून सुरीसारखा निघून जातो.

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग अर्धा केला की विरोध पाव होतो, ३५ चे ९ न्यूटन. म्हणून दोरी पाण्याला टेकण्याच्या जरा आधी बोटांमधून सरकू देत हलकेच अडवावी. त्याहून सोपे म्हणजे मुळात लांब फेकूच नये. रात्री हे मासे काठाजवळ चरायला येतात. बांबूच्या टोकावरून आमिष अलगद खाली सोडले, तर वरचे सगळे गणित निरर्थक ठरते, आणि त्यातच शहाणपण आहे.

आमिष बांधावे कसे? येथे आपल्या जिल्ह्याचे पीक कामी येते. साधा सुती धागा घ्या, नायलॉनचा नको. कापसाचा तंतू पाण्यात फुगतो. पिळलेला धागा त्यामुळे जाड होतो, लांबीला आखडतो आणि वेढे अधिक आवळले जातात. शिवाय कापूस ओला झाल्यावर अशक्त होत नाही, उलट अधिक बळकट होतो. आणि तुटून नदीत राहिलाच, तर कुजून जातो. नायलॉन वर्षानुवर्षे राहतो व पक्ष्यांच्या पायांत अडकतो.

गळाच्या दांड्याला आधी तीनचार वेढे द्या, मग पट्टी दुमडून तिच्यातून गळ दोनतीन वेळा आरपार न्या, आणि त्यावरून धागा तिरपा गुंडाळत खाली जाऊन तसाच परत वर या. मधे जाळीसारख्या फटी राहू द्या. वास तेथूनच सुटायचा आहे. गळाचे टोक उघडे ठेवा. शेवटी गाठ मारण्याची गरज नाही, धाग्याचे टोक वेढ्यांखाली खुपसले तरी पुरते. हे कसे? बैलाचे दावे खुंट्याला नुसते दोनतीन वेढे देऊन धरले, तर पोरगाही बैलाला थोपवतो, हे तुम्ही पाहिले असेल. घर्षण गुणांक ०.२ धरला, तर एका वेढ्याने धरण्याची शक्ती साडेतीनपट होते. दुसऱ्याने त्याच्या साडेतीनपट. तीन वेढ्यांना सुमारे ४३ पट, पाच वेढ्यांना पाचशेच्या वर. बेरीज नव्हे, गुणाकार! वेढे असे वाढत गेले की टोकाला जवळजवळ ताणच उरत नाही.

कलेजी अगदीच लिबलिबीत असेल, तर बांधण्याआधी मीठ लावून तासभर सावलीत ठेवावी. मीठ परासरणाने तिच्यातील पाणी ओढून घेते आणि ती आवळते. वांग्याच्या फोडी मिठात टाकून आधी आणि नंतर तोलून पाहा, म्हणजे किती पाणी गेले ते कळेल. मात्र त्या पाण्याबरोबर चवीचा रसही थोडा जातो, म्हणून रात्रभर मिठात ठेवणे चूक. माझ्या मते कलेजीपेक्षा कोंबडीची आतडीच बरी. त्यांत चिवट तंतू असतात, ती स्वस्त मिळतात आणि गळावर दुमडून ओवता येतात. गांडुळे तर फुकटची. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की ती खोल जातात, पण न्हाणीच्या पाण्याजवळ किंवा उकिरड्याच्या कडेला सापडतात. ती कातडीने श्वास घेतात, तेव्हा बंद डब्यात उन्हात ठेवली की मेलीच. ओल्या तरटात माती घालून सावलीत ठेवा. बेडूक मात्र आमिषाला वापरू नका. पिकांवरील किडे खाणारा हा प्राणी आहे. त्याच्या पायांची निर्यात आपल्या देशाने १९८७ मध्ये बंद केली, ती उगाच नव्हे.

आमिष टाकायचे कोठे? विसरणाचा हिशेब आठवा. जेथे धार डोहात शिरते, त्या तोंडाशी टाकले तर प्रवाह वास सबंध डोहभर नेतो. खालच्या टोकाला टाकले तर वास वाहून जातो आणि डोहातल्या माशाला कळतही नाही. उन्हाळ्यात पैनगंगेची धार तुटते आणि सुटे डोह उरतात. तेथे रात्रीचे अभिसरण मदतीला येते. वरचे पाणी गार होऊन जड होते व खाली बसते, खालचे कोमट पाणी वर येते, आणि पाणी हळूहळू ढवळले जाते. काठावर बोलायला हरकत नाही, कारण हवेतील ध्वनीच्या ऊर्जेचा हजारावा भागच काय तो पाण्यात शिरतो. पाय आपटू नका मात्र. जमिनीतून गेलेला धक्का थेट पोचतो. मार्जारमीनाला ऐकू चांगले येते. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली शिट्टी ऐकून येणाऱ्या एका आंधळ्या मार्जारमीनाची हकीकत प्रसिद्ध केली होती. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणारे आणि १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रिश ते हेच.

काही गोष्टी गणितात बसत नाहीत, पण सांगितल्या पाहिजेत. शिवड्याची संख्या घटत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला असुरक्षित जातींत घातले आहे. पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मादी गळाला लागली तर सोडून द्यावी. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांत मासे धरता येत नाहीत, आणि धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क सहसा ठेका घेतलेल्या सहकारी संस्थेचा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय दोरी टाकू नका. शिंगी हाताळताना जपा, तिच्या कल्ल्यांमागील पराच्या काट्यांत विष असते. काटा लागलाच तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात धरावा, वेदना कमी होते, आणि डॉक्टरांकडे जावे. डोहावर एकट्याने कधीही जाऊ नये.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरी आता सुती धाग्याचे रीळ असते. रिकामे गळ कमी झाले, बंद झाले नाहीत. परवा त्याने मला कुरतडलेला धागा आणून दाखवला. हे काम खेकड्याचे. खेकडा तळावर चालतो, म्हणून आमिष तळापासून वीतभर उचलले पाहिजे. २० ग्रॅम मांसाची घनता पाण्याहून किंचितच जास्त, त्यामुळे पाण्यात त्याचे वजन सुमारे एक ग्रॅमच भरते. गळाचे दोन ग्रॅम धरा. म्हणजे तीन ग्रॅमहून थोडे अधिक उचलले की झाले. भेंडाचा चार घन सेंटिमीटरचा तुकडा गळाच्या चार बोटे मागे दोरीला बांधला, तर एवढे काम तो सहज करतो. दगड तळावर राहतो आणि आमिष त्याच्या वर तरंगते. येत्या रविवारी तो दहा गळ भेंड लावून आणि दहा भेंडाशिवाय टाकणार आहे.