पाण्याची चाल आणि पोटातली गाठ

दोन पेले घ्या. एकात पाणी भरून स्थिर होऊ द्या. दुसऱ्यात भिजवलेला साबुदाणा दाबून भरा व तो बुडेल इतके पाणी घाला. दोन्हींत शाईचा एकेक थेंब अलगद सोडा. पहिल्या पेल्यात शाई भराभर पसरेल. दुसऱ्यात दाण्यांच्या फटींतून वाट काढीत सावकाश सरकेल. याच साध्या गोष्टीवरून अंडाशयातील गाठ कर्करोगाची आहे काय, याचा अंदाज आज डॉक्टर बांधतात.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाएवढी अंडाशये असतात. त्यांचा कर्करोग सुरुवातीला फारसा दुखत नाही. पोट फुगते, भूक मंदावते; 'वात धरला असेल' म्हणून दुर्लक्ष होते. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील एखादी स्त्री तालुक्याला जाऊन सोनोग्राफी करते, तेव्हा गाठ दिसते. गाठ साधी असेल तर जवळच शस्त्रक्रिया करून प्रसंगी अंडाशय वाचविता येते. कर्करोग असेल तर मात्र कर्करोगाच्या शल्यविशारदाकडेच गेले पाहिजे. त्यासाठी लातूरचे विवेकानंद रुग्णालय (स्थापना १९६६) आहे, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आहे, मुंबईचे टाटा रुग्णालय तर १९४१ पासून आहे.

मग सुईने तुकडा काढून का पाहू नये? कारण कर्करोग गाठीत बंदिस्त असला, तर सुईच्या छिद्रातून पेशी पोटात सांडण्याची भीती असते. म्हणून न टोचता पाहायचे.

हे काम एमआरआय, म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन, करते. १.५ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाहून तीस हजार पटींपेक्षा अधिक जोरदार असते. शरीरातील पाण्यात हायड्रोजन असतो. त्याची अणुकेंद्रे या क्षेत्रात सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा डोलतात. तेवढ्याच कंप्रतेच्या रेडिओलहरी सोडल्या की ती प्रतिसाद देतात, आणि त्यातून चित्र बनते. पॉल लॉटरबर यांनी असे चित्र १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. २००३ चे नोबेल पारितोषिक त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले. यात क्ष-किरण मुळीच नसतात.

आता शाईच्या थेंबाकडे येऊ. यंत्र प्रत्येक रेणूवर तो कुठे आहे याची चुंबकीय खूण करते आणि क्षणभराने तीच खूण उलट दिशेने पुसते. जागीच राहिलेल्या रेणूची खूण पूर्ण पुसली जाते व त्याचा संदेश ठळक येतो. दूर गेलेल्याची पुसता येत नाही. त्याचा संदेश फिका पडतो. सेकंदाच्या विसाव्या भागात मोकळ्या पाण्यातील रेणू सुमारे ०.०१७ मिलिमीटर सरकतो. पेशीची रुंदीही साधारण तेवढीच! लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते मिळतात. तेथे पहाटे माणूस सरळ पार होतो, बाजाराच्या वेळी जागच्या जागी घुटमळतो. कर्करोगात पेशींची अशीच दाटी असते, म्हणून ती गाठ या चित्रात उजळ दिसते.

पण एवढ्यावर विसंबता येत नाही. जुने, दाट रक्त साचलेली गाठही उजळते. डर्मॉइड नावाची गाठ तशीच फसविते. तिच्यात चरबी, केस, कधी चक्क दातही सापडतात! चरबीतील हायड्रोजन किंचित वेगळ्या कंप्रतेवर डोलतो. तेवढाच संदेश दाबला की ती गाठ काळी पडते आणि ओळखू येते.

शेवटी शिरेतून गॅडोलिनियमचे द्रव्य देतात व काही सेकंदांच्या अंतराने चित्रे घेतात. कर्करोगाच्या गाठीला रक्तवाहिन्या पुष्कळ असतात. गर्भाशयाच्या भिंतीपेक्षाही गाठीचा घन भाग लवकर उजळला, तर संशय बळावतो.

हे सारे पाहून १ ते ५ गुण देतात. गुण २ असेल तर दोनशेंत एकीलाही कर्करोग निघत नाही. ५ असेल तर दहापैकी नऊजणींना निघतो. ४ ला मात्र जवळपास निम्म्या-निम्म्याचा प्रश्न असतो. अशा वेळी कर्करोगाचा शल्यविशारद गाठ शक्यतो न फोडता अखंड काढतो, आणि निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागतो.