पाडलेल्या इमारतीतून मुरघासाच्या हौदाकडे

शिवाजी पार्कभोवती १९३०-४०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. अशा पाडकामातून निघणाऱ्या डेब्रिजसाठी महापालिकेने दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला प्रत्येकी रोज ६०० टन क्षमतेची प्रक्रिया केंद्रं उभारली. ‘सिव्हिलला आता काय स्कोप?’ असं विचारणाऱ्या पालकांनी विचार इथून सुरू करावा.

जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी कुठे, किती वापरायची हे आयएस ३८३ : २०१६ हे मानक सांगतं. एम-२५ ग्रेडपर्यंतच्या आरसीसीत (सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये) २० टक्क्यांपर्यंत, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि एम-१५हून कमी ग्रेडच्या, पायाखालच्या काँक्रीटमध्ये थेट १०० टक्के.

ही खडी कुठे चालते आणि कुठे नाही, हे पाहायला आता गोठ्याकडे या. मक्याची कुट्टी हौदात दाबून, हवाबंद ठेवून मुरघास होतो. आंबताना लॅक्टिक आम्ल तयार होतं, सामू चारच्या आसपास येतो आणि ते आम्ल सिमेंटमधला चुना विरघळवतं. पुनर्वापराच्या खडीला जुनं मॉर्टर चिकटलेलं असतं, त्यामुळे ती पाणी जास्त शोषते आणि त्यासोबत आम्लही आत शिरतं. म्हणजे ही खडी हौदाच्या तळाखालच्या थरात बिनधास्त वापरावी. पण चाऱ्याला भिडणारी भिंत आणि फरशी कमी पाण्याच्या, फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग घातलेल्या घट्ट काँक्रीटचीच हवी. हा फरक न कळणारा ठेकेदार दुधाच्या पैशांतून बांधलेला हौद वाया घालवतो. हा फरक ओळखणारी माणसं आज फार थोडी आहेत.

असं जाणकार व्हायचं असेल तर ‘ग्रीन’ नावाच्या झटपट कोर्सच्या मागे लागू नका, हे माझं ठाम मत आहे. आधी पक्कं सिव्हिल शिका. दहावीनंतर डिप्लोमा, किंवा बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन पदवी. दादरच्या मुलांना १८८७पासूनचं व्हीजेटीआय तर माटुंग्यातच आहे. शेतीची ओढ असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आहे. बांधकाम साहित्याच्या शास्त्रात खोल जायचं असेल तर पुढे गेट परीक्षा देऊन एमटेक करा. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रापेक्षा बहुधा कमी असेल आणि काम धुळीत असेल, हे मुलांना आधीच सांगावं. मात्र आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटच्या गुणवत्ता तपासणीत आणि चाचणी प्रयोगशाळांत मुलीही आत्मविश्वासाने काम करतात. साइटच्या भीतीने त्यांना अडवू नका.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना एक करून पाहा. नव्या आणि पुनर्वापराच्या खडीचे ठोकळे २८ दिवस पाण्यात मुरवा, मग सौम्य लॅक्टिक आम्लात ठेवा आणि दर आठवड्याला वजन व शेवटी ताकद मोजा. मुलाखतीला जाताना ती आकड्यांची वही सोबत न्या.