विद्यापीठाची विद्या आणि आपले वावर

शेती हा वाडवडिलांच्या अनुभवावर चालणारा धंदा आहे, ही समजूत आपल्या वऱ्हाडात जुनी आहे आणि पुष्कळ अंशी ती खरीही आहे. ज्वारीचे कोणते कणीस बियाण्यासाठी राखावे, वखराची पाळी केव्हा द्यावी, पऱ्हाटीला कोणते रान मानवते, हे आपणांस कोणत्याही शाळेने शिकविले नाही. परंतु आज वाशीम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन होय, आणि आपल्या आजोबांच्या वावरात हे पीक नव्हते. त्याविषयी वडिलोपार्जित ज्ञान असे आपल्यापाशी नाहीच. जे पीक नवे, त्याची विद्याही नवीच घ्यावी लागते. ती कोठून व कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या भागासाठी ही विद्या देणारी मुख्य संस्था म्हणजे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. ते २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. विद्यापीठ अकोल्यास व्हावे म्हणून १९६७ साली जे आंदोलन झाले त्यात तरुणांचे प्राण गेले, हे आपण विसरू नये. अशा विद्यापीठाची कर्तव्ये तीन मानली आहेत : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. यांपैकी तिसऱ्याचा अर्थ असा की, प्रयोगशाळेत व प्रक्षेत्रावर जे सिद्ध झाले ते शेतकऱ्याच्या वावरापर्यंत पोचवावे. अमेरिकेत १८६२ साली कायद्याने जमिनी देऊन शेतकीची महाविद्यालये काढली. परंतु ती विद्या शेतकऱ्याच्या दारी नेण्यासाठी १९१४ साली निराळा कायदा करावा लागला. महाविद्यालय निघाले म्हणजे विद्या आपोआप गावात येत नाही, हाच त्यातील बोध. आपल्या देशात याच हेतूने १९७४ साली पुदुच्चेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आपल्या जिल्ह्याचे केंद्र रिसोड तालुक्यात करडा येथे आहे.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारपेठेतील बी-बियाणे व औषधांच्या दुकानासही आपण 'कृषी केंद्र' म्हणतो. दुकानदार सल्ला देतो तो फुकट. पण त्यास माल खपवावयाचा असतो, आणि सल्ल्याची किंमत मालाच्या पावतीत चुकती होते. करड्याच्या केंद्राचे काम माल खपविणे हे नव्हे. माती तपासणे, प्रशिक्षण देणे आणि शेतकऱ्याच्याच वावरात प्रात्यक्षिक घेऊन दाखविणे हे होय. नाव सारखे असले तरी दोहोंच्या हेतूंत हे अंतर आहे, ते ध्यानी ठेवावे.

आता या विद्येचे मोल एका उदाहरणाने पाहू. २०१९ सालच्या ऑक्टोबरात ऐन सोंगणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला आणि सोयाबीन शेतात व गंजीत भिजले. पुढे २०२० च्या जून महिन्यात बियाणे उगवले नाही, अशी ओरड विदर्भ-मराठवाड्यात सर्वत्र झाली. कित्येकांवर दुबार पेरणीचा प्रसंग आला. दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणे, दुसऱ्यांदा मजुरी आणि हातची गेलेली ओल. अल्पभूधारकाचे वर्ष तेथेच बुडते. बियाण्याची उगवण घरीच तपासण्याची रीत विद्यापीठ व कृषी खाते कित्येक वर्षे सांगत आले आहेत. तिला पैसा लागत नाही. ज्यांनी ती केली त्यांस आपले बियाणे कमजोर आहे हे पेरणीपूर्वीच कळले असेल.

ती रीत अशी. पोत्यातून निरनिराळ्या ठिकाणचे १०० दाणे, न निवडता, घ्यावे. पाण्याने ओल्या केलेल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून वर दुसरे ओले गोणपाट घालावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व ती वाळू देऊ नये. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले निरोगी कोंब मोजावे. ७० किंवा अधिक निघाले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. कमी निघाल्यास त्रैराशिक मांडावे : ७० ला ३० किलो, तर ६० ला ३५ किलो. त्याहूनही कमी उगवण असेल तर ते सोयाबीन बियाणे म्हणून वापरू नये, बाजारात न्यावे.

सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार पातळ असते व अंकुर टरफलास लागूनच असतो. म्हणून पोते आपटले किंवा मळणीयंत्र वेगाने फिरविले तर दाणा वरून धड दिसतो, पण आतून मेलेला असतो. ज्वारीच्या पोत्यास जे चालते ते येथे चालत नाही. तसेच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्यावाचून पेरू नये, आणि बी ५ सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये. बुरशीनाशक आधी चोळावे. जिवाणूखत त्यानंतर, पेरणीच्या थोडे आधी लावून बी सावलीत सुकवावे. दुसऱ्या बाजूस हे पीक स्वपरागसिंचित असल्याने सरळ वाणाचे बियाणे दरवर्षी विकत घेण्याचे कारण नाही. नीट राखलेले घरचे बियाणे दोन-तीन हंगाम चालते. तेव्हा या विद्येने खर्च वाढतो ही भीती व्यर्थ आहे. येथे तर तो कमी होतो.

तथापि विद्यापीठाने सांगितले म्हणून डोळे मिटून मानावे, असे माझे म्हणणे नाही. शिफारस ही पुष्कळ जमिनींचा विचार करून केलेली असते. आपले रान भारी काळे की मुरमाड, हे आपण जाणतो. म्हणून पारख आपणच करावी. महसुलाच्या नोकरीत पीक कापणी प्रयोगाचे तक्ते लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. तीच पद्धत येथे उपयोगी पडते. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रातून आलेला 'पीडीकेव्ही यलो गोल्ड' किंवा 'पीडीकेव्ही अंबा' यांसारखा वाण एका एकरात पेरावा, व त्याच धुऱ्याआत, तशाच मातीत, आपला नेहमीचा वाण ठेवावा. खत, निंदण, फवारणी दोहोंस सारखी द्यावी. पीक तयार झाल्यावर दोन्हीकडे १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा, कडेचे तास सोडून, दोरीने आखावा आणि निराळा सोंगून, मळून, वाळवून तोलावा. हा तुकडा एकराचा सुमारे ८० वा हिस्सा होय. १० किलो भरले तर एकरी ८ क्विंटल समजावे. चांगला तुकडा पाहून दोरी टाकण्याचा मोह मात्र टाळावा. तेथे आपण आपणांसच फसवितो.

हे आकडे वहीत पेरणीची तारीख, पाऊस व खर्च यांसह लिहून ठेवावे आणि करड्याच्या केंद्रास किंवा अकोल्याच्या शिवारफेरीत शास्त्रज्ञांस दाखवावे. एखादा वाण आपल्या रानात का पडला, हे त्यांस कळणे जितके अगत्याचे, तितकेच त्याचे कारण आपणांस कळणेही अगत्याचे. विस्तार हा एका बाजूचा उपदेश नव्हे. गावात अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी 'कृषिदूत' किंवा 'कृषिकन्या' म्हणून येतात, त्यांसही केवळ फोटोपुरते बोलावू नये. आपल्या अडचणी विचाराव्या, आणि त्यांस न सुटलेली अडचण त्यांच्या गुरुजनांपर्यंत पोचवावयास लावावी.

तात्पर्य, पूर्वजांनी ज्वारी-कपाशीची विद्या आपणांस दिली ती त्यांनीही पाहून, पारखून व चुकून मिळविली होती. सोयाबीनची विद्या आपल्या मुलांस वडिलोपार्जित म्हणून मिळावयाची असेल, तर ती मिळविण्याचे काम आपल्याच पिढीकडे आले आहे. या वर्षी मृग लागण्यापूर्वी प्रत्येकाने घरचे १०० दाणे मोजून गोणपाटात घालावे, म्हणजे आरंभ झाला.